एका राजाचे चार मास्तर

किस्से धुण्यासारखे असतात. रोजचे रोज काढले तर बादलीभर, नाही तर ढीग! पूर्वी रविवारी संध्याकाळी घरी आलो, की चौकात काय काय झालं ते शोभाला सांगून मी मोकळा व्हायचो. शोभा म्हणजे माझी बायको. ती कणीक मळता मळता ऐकायची आणि बरोबर हसायच्या जागी विचारायची, "खरं हाये का मीठ लावून सांगून राहिले?" ती गेली आणि ढीग साचायला लागला. घरात आता मी, टीव्ही आणि फ्रिज. तिघांत सारखा बोलणारा एकच, आणि तो मी नव्हे! तेव्हा आज तुम्ही तावडीत सापडलाच आहात, तर बसा.

मी वानखडे. अमरावतीच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर आम्ही चार मास्तरांनी एक खूळ काढलं. दर रविवारी अमरावती-अकोल्याच्या हौशी लोकांना अचलपूरचा जुना चौक दाखवायचा, फुकट. अचलपूर म्हणजे जुनं एलिचपूर, एके काळची वऱ्हाडची राजधानी. चौकाला दगडी दरवाजा आहे, मधे कोरडा हौद आहे आणि कडेला एक उंच ओटा आहे. त्या ओट्याला गावातले लोक तख्त म्हणतात. राजा खरंच तिथे बसायचा की नाही, देव जाणे.

गोष्ट आमची ठरलेली. इमादशाही कशी उभी राहिली, गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले कसे सजले, आणि शेवट कसा झाला. शेवटचा राजा अगदी कोवळा पोरगा होता. त्याच्याच वजिराने त्याला नरनाळ्यावर कैदेत टाकलं. मग अहमदनगरची निजामशाही चालून आली, वजीरही धरला गेला, राजाही धरला गेला, आणि दोघेही कैदेतच संपले. इथे आमची गोष्ट संपायची. शिक्षकी भाषेत सांगायचं तर हा पोर्शन पूर्ण करणं. आम्ही आपसात त्याला 'राजा मारणं' म्हणायचो. "आज राजा कोण मारते?" असं एसटीत आम्ही बोललो, की पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून बघायचा आणि पुढच्या स्टॉपला उतरून जायचा!

* * *

चौघेही मास्तर. त्यामुळे पाहुण्यांना पर्यटक समजणं आम्हाला कधी जमलंच नाही.

इंगळे सर पीटीचे. गळ्यात शिट्टी. चौकात शिरण्याआधी ते सगळ्यांना उंचीप्रमाणे उभे करायचे. बँकेचे मॅनेजर, त्यांच्या मिसेस, कोणाची सासू, सगळे एका रांगेत. "हात सरळ! पोट आत!" पोट आत घेणं त्या वयात कोणालाच जमायचं नाही, पण प्रयत्न सगळे करायचे.

एकदा रांगेतला एक धिप्पाड माणूस मोबाईलवर बोलत होता. इंगळेंनी शिट्टी मारली. "तुमी! मोबाईलवाले! दरवाज्याबाहेर जाऊन उभे राहा!"

तो माणूस गेला की हो! दगडी दरवाज्याबाहेर, भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभा राहिला. त्याच्यासोबतचे दोघे जण पांढरेफटक पडले. त्यातला एक माझ्या कानात म्हणाला, "सर, साहेब पोलीसमधी लय मोठे हायेत."

राजा मारून झाल्यावर मीच धावत बाहेर गेलो आणि माफी मागायला लागलो. साहेब म्हणाले, "मास्तर, शाळेत इतिहासाच्या तासाले मी नेहमी बाहेरच राहो. आज पहिल्यांदा वाटलं, का आतमधी काय शिकवून राहिले ते ऐकाव!"

* * *

इतिहासाचे खरे मास्तर राऊत सर. खूळही त्यांचंच. ते बोलायला लागले की कोरड्या हौदात पाणी दिसायचं.

एकदा पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. अमरावतीला भाचीच्या लग्नाला आल्या, तेव्हा हेही बघून घेऊ म्हणाल्या. अर्ध्या गोष्टीत त्यांचे पाय दुखायला लागले. त्यांनी अगदी हळू विचारलं, "इथे बसण्याची काही सोय असेल का?"

इंगळे म्हणाले, "तख्त हाये ना! बसा त्याच्यावर. राजा काई उठवाले येत नाही!"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, हा माणूस आपल्यावर खेकसला. राऊत सरांनी सांभाळून घेतलं, "ताई, रागावले नाहीत ते. आमच्याकडे प्रेमानं बोललं तरी असंच ऐकू येते."

बाई बसल्या. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "मग रागावल्यावर कसं बोलतात?"

इंगळे म्हणाले, "मंग बोलत नाही ताई. मंग शिट्टी मारतो!"

* * *

राजेपणावरून एकदाच आमची जिरली. नांदगाव खंडेश्वरहून एक म्हातारे शेतकरी आले होते. धोतर, टोपी, हातात काठी. सगळी गोष्ट त्यांनी मन लावून ऐकली. राजा मेला. निमकर बाईंनी नेहमीप्रमाणे डोळ्यांना पदर लावला. त्या आमच्यातल्या चौथ्या, मराठीच्या शिक्षिका; दर रविवारी तोच राजा मरायचा आणि दर रविवारी त्यांना खरंच रडू यायचं.

म्हातारे म्हणाले, "तुमचा राजा कालपरवाचा हाये. आमच्या इकडे कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर! प्रत्यक्ष देवाची सासुरवाडी."

राऊत सर जरा दुखावले. "बाबा, पण तिथे आता राजाचं काय उरलं? राजकन्येलाही देव पळवून घेऊन गेले."

म्हातारे काठी आपटून म्हणाले, "हाव! हाच तर फरक हाये, मास्तर. तुमच्या राजाले धरून नेलं तर तुमी अजून रडून राहिले. आमच्या रुक्मिणीले नेलं, तर आमी दरसाल जत्रा भरवतो!"

निमकर बाईंचा पदर डोळ्यांवरून तोंडावर आला. हसू लपवायला.

* * *

मग राऊत सर पुण्याला गेले. मुलाला मुलगी झाली, सून नोकरीवर, आजोबा हवे होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला तख्तावर बसवलं आणि म्हणाले, "वानखडे, आता राजा तुमच्या हवाली."

मी म्हणालो, "अहो, मी गणिताचा!"

"मंग काय झालं? राज्यबी शेवटी वजाबाकीच असते."

पण त्यांचा जीव इथेच अडकलेला. पुढच्या रविवारी फोन आला. म्हणाले, "स्पीकरवर ठेवा, मी सांगतो." मी फोन तख्तावर ठेवला. पाहुणे फोनभोवती गोल उभे राहिले, इंगळेंनी त्यातही उंचीप्रमाणे! राऊत सर पुण्याच्या फ्लॅटमधून अचलपूर सांगायला लागले. काय आवाज लागला होता! निजामशाहीची फौज निघाली, घोडे निघाले, हत्ती निघाले, धूळ उडाली, आणि एवढ्यात फोनमधून सुनेचा आवाज आला, "बाबा, हळू बोला ना, बाळ झोपलंय!"

मग राऊत सर कुजबुजत पुढे सांगायला लागले. तोफा कुजबुजत उडाल्या. हत्ती कुजबुजत ओरडले. आम्ही सगळे वाकून, कान फोनला लावून लढाई ऐकत होतो. एवढी शांत लढाई वऱ्हाडात आधी कधी झाली नसेल.

त्यानंतर त्यांचे फोन कमी झाले. मी केला तर म्हणतात, "बाळ उठलं का बोलतो." बाळ आता शाळेत जातं.

* * *

राजा माझ्या हवाली झाला आणि त्याचं गणित झालं! मी सांगायचो, "राजा वजा राज्य, बरोबर कैद. आता वजिरात निजामशाही मिळवा. उत्तर काय?"

अकोल्याचे एक वकील उभे होते. त्यांनी हात वर केला. "सर, जामीन नामंजूर!"

सगळे हसले, मीही हसलो. निमकर बाई मात्र रागावल्या. परत येताना एसटीत माझ्याशी बोलल्याच नाहीत. अमरावतीचा स्टँड आल्यावर म्हणाल्या, "लेकरू मरून राहिलं अन् तुमी लोकाइले हसवता!"

पुढे त्यांचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना. मग रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. प्रश्न एकच. "आज राजा मेल्यावर कोणी रडलं का?"

"नाही बाई."

"मंग तुमी बरोबर मारला नाही!"

आता त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. मी बोलतो, त्या "हाव, हाव" म्हणतात. एकदा मी मुद्दाम म्हणालो, "बाई, आज राजा वाचला." त्या म्हणाल्या, "हाव, हाव." फोन ठेवल्यावर मला उगाच वाटत राहिलं, की निदान याच्यावर तरी त्या भांडायला हव्या होत्या.

* * *

इंगळे गेले ते सकाळी, मैदानावर, चालता चालता. असं मरण सगळेच मागतात. मला त्यांचा राग आला. निदान सांगून तरी जायचं!

स्मशानात त्यांचे जुने विद्यार्थी आले होते. कोणी शेतकरी, कोणी कंडक्टर, कोणी दुकानदार, डोक्याचे केस गेलेले, पोटं सुटलेली. हळूहळू ते उभे राहिले आणि मी पाहतो तो काय, उंचीप्रमाणे! कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप रांग लागली. त्यातला एक जण पोलिसात होता. त्याला राहवलं नाही, तो जोरात ओरडला, "सावधान!"

सगळे ताठ झाले. अग्नी दिला गेला, ज्वाळा वर गेल्या, लोक पांगायला लागले. रांग मात्र हलेना. 'विश्राम' म्हणणारा माणूस चितेवर होता.

शेवटी मी पुढे झालो आणि म्हणालो, "विश्राम."

कोणी हललं नाही. आवाज गणिताचा पडला ना!

* * *

मग मी एकटाच उरलो. ग्रुपवर मेसेज टाकायचो, "रविवारी अचलपूर चौक, सर्वांनी यावे." अंगठे भरपूर यायचे. माणसं एक-दोनच यायची.

एका रविवारी चौकात शिरलो तर गर्दी! छत्री, लाईट, कॅमेरा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. जवळ गेलो तर लग्नाआधीचं फोटोशूट. मुलगा शेरवानीत, कमरेला प्लास्टिकची तलवार. मुलगी भरजरी घागऱ्यात, तख्तावर.

फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा फ्रेमच्या बाहेर व्हा ना."

मी मागे सरकलो.

"अजून थोडे. अजून. काका, तुमची सावली येऊन राहिली."

सरकत सरकत मी दगडी दरवाज्याबाहेर गेलो. आत राजा-राणी आणि मी बाहेर उभा, हाताची घडी घालून. त्या पोलीस साहेबांची आठवण झाली. त्यांना निदान कोणीतरी शिक्षा तरी केली होती.

ब्रेकमध्ये नवरदेव पाणी प्यायला बाहेर आला. चांगला पोरगा होता. त्याने विचारलं, "काका, इथला राजा कसा होता हो?"

काय सांगू! कोणीतरी स्वतःहून विचारलं होतं. मी सगळी गोष्ट सांगितली. नवरीही घागरा सावरत येऊन उभी राहिली. कॅमेरावाला आला, मेकअपवाली आली. त्या दिवशी माझाही आवाज लागला होता. कोवळा राजा, घरचाच वजीर, नरनाळ्याची ती कैद. राजा मेला तेव्हा मेकअपवालीचे डोळे भरून आले. मला वाटलं, आत्ता निमकर बाईंना फोन करावा.

नवरी म्हणाली, "अगं बाई! इथला राजा कैदेत मेला? आमचं लग्न हाये ना पुढच्या महिन्यात! बदला बाप्पा हे लोकेशन!"

पाच मिनिटांत छत्री मिटली, लाईट गुंडाळले, गाड्या चिखलदऱ्याकडे निघाल्या. एवढे चांगले ऐकणारे जमले होते आणि मीच त्यांना हाकलून लावलं!

* * *

मुलगी नाशिकला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तिथे आता फारसं कोणी येत नाही म्हणता. मग तुम्ही जाता कोणासाठी? इकडे या ना राहायला. खोली तयार आहे."

तिचं काही चुकत नव्हतं. खोली चांगली आहे, जावई सज्जन आहे, नातू गुणी आहे. "आजोबा, जेवलात?" असं रोज विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आधी कानात हेडफोन घालतो. सगळ्यांचं प्रेम आहे, पण तिथे माझी गरज कोणालाच नाही. मी नसलो तर कोणाचं काही अडत नाही. अमरावतीतही अडत नव्हतं म्हणा. एक रविवार तेवढा उरला होता. म्हणून मी तिला म्हटलं, "या रविवारी जाऊन पाहतो. कोणी आलं तर राहतो. नाही आलं तर सोमवारी बॅग भरतो."

रविवारी चौकात पोचलो. कोणी नव्हतं. तख्तावर एक बकरी बसली होती. मी तिच्या शेजारी टेकलो. परतवाड्याहून एक रिक्षा आली, मी उठून उभा राहिलो. रिक्षातून गॅसचं सिलिंडर उतरलं. पुन्हा बसलो. कटिंगच्या दुकानातला रेडिओ ऐकत बसलो. उन्हाची तिरीप पायाशी आली, तशी मी पिशवी उचलली. मुलीला फोन लावावा म्हणून खिशात हात घातला.

तेवढ्यात समोरच्या माडीवरची खिडकी उघडली. इतकी वर्षं ती खिडकी मी बंदच पाहिली होती. मला वाटायचं, आत कोणाचं तरी गोडाऊन असेल. खिडकीत एक म्हातारी बाई होती. कपाळावर घाम, हातात डाव.

"ओ मास्तर!"

"काय जी?"

"आज काहून चूप बसले?"

"कोणी आलंच नाही ना, बाई."

"ते तुमचं तुमी पाहा! मंग म्या काय कराव?"

मला काही कळेना. "म्हणजे?"

"अवो, पोरं अन् सुना परतवाड्याच्या बाजारात भाजी घेऊन बसतात. दुपारी भुकेजून येतात. दर आयतवारी तुमी राजा कैदेत टाकला का दाळ चढवाची, अन् तो मेला का उतरवाची. इतके वर्सं झाले, एकदाबी करपली नाही. आज कवाचा गॅस पेटवून ठेवला, अन् तुमचा राजा काई कैदेत जात नाही!"

मी चौकात सगळीकडे पाहिलं. बकरी होती, बाकी कोणी नाही. पिशवी खाली ठेवली. घसा खाकरला.

"तर मंडळी," मी म्हणालो, "हे एके काळचं एलिचपूर. वऱ्हाडची राजधानी."

रिकाम्या चौकात आवाज केवढा घुमतो! कटिंगवाला वस्तरा हातात धरून बाहेर आला. त्याचं अर्धं तोंड फेसाचं गिऱ्हाईकही बाहेर आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भराभर सांगायला लागलो. इमादशाही उभी केली, गाविलगड सजवला, नरनाळा सजवला, राजाला कैदेत टाकलं. वर भांड्याचा आवाज झाला. लगेच निजामशाहीची फौज आणली, वजीर धरला, राजा धरला.

"थांबा मास्तर!" खिडकीतून आवाज आला. "एवढ्यात नका मारू त्याले! दाळ शिजाची हाये!"